शिवेपर्यंतचा माग



आज जरा जुन्या रीतीपासून सुरुवात करू. गावगाडा चालू होता त्या काळी गावात चोरी झाली, की उजाडताच जागल्या माग काढायला निघायचा. धुळीतला पाऊलठसा, बैलाच्या खुराची खूण, बांधावर सांडलेले चार दाणे, एवढ्यावर तो चोराच्या पाठी जायचा. माग शिवेपर्यंत पोचला, की शेजारच्या गावच्या जागल्याला हाक मारायची, माग त्याच्या हवाली करायचा आणि इकडचं गाव मोकळं. तिथून पुढं जबाबदारी त्या गावाची. ज्या गावच्या शिवारात माग मुरला, त्या गावानं एक तर चोर काढून द्यायचा, नाही तर गेलेल्या मालाची भरपाई करायची. हे काम रामोशी, महार, कोळी, भिल्ल ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करत आली. त्यांच्या पदरात पडायचं ते मूठभर आणि मान त्याहून कमी, हेही इथंच सांगून टाकतो. नाही तर जुनं ते सगळं सोनंच होतं असं वाटायचं.

पण त्या रीतीत एक शहाणपण होतं. आपली शीव कुठं संपते आणि पुढं कोण जबाबदार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आज मोटारसायकलवर बसलेला गुंड एका तासात चार पोलीस ठाण्यांच्या हद्दी ओलांडतो आणि आपण मात्र ‘ही केस आमच्याकडं येत नाही’ हे ऐकून माघारी फिरतो.

हे सगळं आठवलं ते एका पत्रामुळं. चाकणजवळच्या एका गावातल्या बहिणीचं आहे. नाव-गाव छापू नका म्हणून तिनं बजावलंय, आणि तिचं बरोबर आहे. ती लिहिते, “दादा, आमची पाच एकर होती, चार एमआयडीसीत गेली. आलेल्या पैशात घर बांधलं, दहा खोल्या काढल्या, भाड्यावर भागतंय. थोरला एकवीस वर्षांचा झाला. कामाला जात नाही, एका भाईच्या मागं फिरतो. कंपनीच्या गेटावर नुसतं उभं राहायचे पैसे मिळतात म्हणतो. राहिलेल्या एकरावरनं दीर भांडतात. परवा त्यांनी अनोळखी माणसं आणून बांधावर तारेचं कंपाउंड घातलं. सांगायचं कुणाला? सरकार देशाच्या सीमेवर एवढी फौज ठेवतं, मग आमच्या शिवेवर कोण?”

ताईंचा शेवटचा सवाल वाटतो तेवढा भोळा नाही. त्याचं उत्तर आपल्या घटनेत आहे. भावाभावांत वाटणी होते तशी घटनेनं केंद्र आणि राज्य यांच्यात कामाची वाटणी केली आहे. देशाचं संरक्षण, सैन्य, ही केंद्राच्या वाट्याला. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस ही राज्याच्या वाट्याला. राज्याच्या यादीतल्या अगदी पहिल्या दोन नोंदी याच आहेत. म्हणजे तुमच्या शिवेवर राज्य सरकार आहे. दिल्लीकडं बोट दाखवून मुंबईला त्यातून सुटता येत नाही.

एक गंमत सांगतो. पाकिस्तानला लागून असलेली आपली सीमादेखील १९६५ पर्यंत बरीचशी त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीसच राखत होते. १९६५ च्या एप्रिलात कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्ताननं हल्ला केला, तेव्हा ही तुकड्यातुकड्यांची राखण पुरी पडणार नाही हे कळून चुकलं, आणि १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. त्याचे पहिले प्रमुख खुस्रो रुस्तमजी हे आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. शीव एक आणि राखणदार दहा, प्रत्येकाचा हिशेब निराळा, असं झालं की चोराचं फावतं, हा धडा देशानं असा घेतला.

महाराष्ट्राला परक्या देशाची जमिनीवरची सीमा नाही. पण समुद्र आहे, आणि तो काही कुंपण घालून अडत नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. तो माल कुठल्या तोफेच्या जोरावर आत आला नव्हता. उतरवायला हात स्थानिकच लागले, आणि वाटेत गाड्या सोडून देणाऱ्या पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांना पुढं कोर्टानं दोषी ठरवलं. सीमा फुटली ती चिरीमिरीनं. २००८ च्या २६ नोव्हेंबरला पुन्हा समुद्रातूनच दहाजण आले. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे हे साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, आपल्यासारख्याच शेतकरी मुलखातले, आणि महाराष्ट्र पोलीस दलातले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आता किनाऱ्यालगतचं पाणी राज्याच्या सागरी पोलिसांकडं, त्यापुढं तटरक्षक दल आणि खोल समुद्रात नौदल, अशी वाटणी आहे.

समुद्र कुठं आणि चाकण कुठं, असं म्हणाल. पण १९९३ ला जी गोष्ट किनाऱ्यावर झाली, तीच आता कारखान्यांच्या शेडमध्ये होते आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडलं. पोरं त्याला एमडी म्हणतात. पांढरी भुकटी असते, नशेची. त्याचा माग काढत पोलीस रांजणगावच्या एका कारखान्यापर्यंत गेले. त्या गुन्ह्यातला एक आरोपी २ ऑक्टोबर २०२३ ला पुण्याच्या ससून रुग्णालयातून, पोलिसांचा पहारा असताना, पळाला. थोडे दिवसांनी दक्षिणेत सापडला. त्याच सुमारास नाशिकजवळ शिंदे गावच्या हद्दीत एमडी बनवणाऱ्या कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून पुणे पोलिसांनी तर शेकडो किलोंनी माल काढला. आजूबाजूला ऊस उभा आणि मधल्या शेडमध्ये विष शिजतंय! यात पोलिसांची शाबासकी आहे आणि पहाऱ्यातून आरोपी पळतो ही लाजही आहे. दोन्ही एकाच खात्याच्या पदरात टाकावी लागतात.

आता चाकणची हकीकत. चाकण म्हटलं की एकेकाळी कांदा-बटाटा आणि जनावरांचा बाजार आठवायचा. खाली पिंपरीला १९५० नंतरच्या दशकात पेनिसिलीनचा कारखाना आला, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवडची माळरानं बघता बघता शेडनी भरली. पिंपरी-चिंचवडची १९८२ साली महानगरपालिका झाली. तिथली जागा संपली तसे मोटारींचे कारखाने इंद्रायणी ओलांडून वर सरकले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, सावरदरी, वराळे, भांबोली या गावांच्या शिवारात आज गाड्या तयार होतात.

कारखाने पुढं गेले, पोलीस मागं राहिले. चाकणचं ठाणं कितीतरी वर्षं पुणे ग्रामीणकडं होतं आणि भोसरी, निगडी पुणे शहराकडं. भोसरीत मारामारी करायची आणि मोशीच्या पुढं निघून जायचं, की झाली दुसऱ्या साहेबाची हद्द. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ग्रामीणची ठाणी त्यात आली. यानं एक मोठा फरक पडला. गुंडाला तडीपार करायचं तर पूर्वी ग्रामीण भागात कागद प्रांतसाहेबांकडं जायचा. आता आयुक्तालयातला पोलीस उपायुक्तच हुकूम काढू शकतो. तडीपारी दोन वर्षांपर्यंतची असते. १९८१ चा एमपीडीए कायदा आहे, त्यात धोकादायक माणसाला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. खंडणीविरोधी पथक आहे, गुंडाविरोधी पथक आहे. कायदा कमी पडतो अशी ओरड मी तरी करणार नाही.

मग अडतंय कुठं? ते समजायला ताईंच्या पोराला जिथं उभं राहायचे पैसे मिळतात, त्या गेटावर जावं लागेल.

कारखान्यातून रोज भंगार निघतं. पत्र्याचे तुकडे, लोखंडाचा चुरा, लाकडी पेट्या, पुठ्ठा, रिकामी पिंपं. तुमच्या-आमच्या दृष्टीनं कचरा. पण त्याची किंमत मोठी. ते उचलायचा ठेका जो घेईल त्याचं भलं होतं. तसंच कॅन्टीनचं, पाण्याच्या टँकरचं, कामगार पुरवण्याचं, माल वाहण्याचं. सरळ रीत अशी, की चारजणांनी भाव द्यावेत आणि चांगल्या भावाला काम मिळावं. भाईची रीत निराळी. तो बाकीच्या तिघांना आधीच घरी बसवतो. मग पडेल भावात माल मागतो. मिळाला नाही तर गेटावर दहा-वीस पोरं उभी करायची, गाड्या अडवायच्या, मॅनेजर घरी जाताना वाटेत गाठायचा. कंपनी परदेशी असो की देशी, तिथला माणूस पगारी नोकर असतो. तो म्हणतो, कशाला झंझट, देऊन टाका. फिर्याद होतच नाही.

यात कंपनीचं काय बुडालं, याचं दुःख आपण करावं असं मी म्हणत नाही. ती तो खर्च गाडीच्या किमतीत घालील, नाही तर दुसऱ्या राज्यात जाईल. बुडतो तो गावातला टेम्पोवाला, ज्यानं बँकेचं कर्ज काढून गाडी घेतली आणि ज्याला आता खेपेमागं भाईला पैसे मोजावे लागतात. बुडते ती गावातली आयटीआय झालेली मुलगी, जिला सरळ वाटेनं नोकरी मिळाली असती. आणि लुटला जातो तो नांदेड, बीड, बिहार, ओडिशातून आलेला कामगार, रात्रपाळी सुटल्यावर, पगार आणि मोबाईल दोन्ही.

हे सगळं चालतं ‘भूमिपुत्र’ या शब्दाच्या आडोशानं. मंडळी, या शब्दाबद्दल जरा नीट बोललं पाहिजे, कारण तो आपला शब्द आहे. ज्यानं जमीन दिली त्याचा हक्क खरा आहे. पिंपरी-चिंचवडला नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली झालं. तेव्हा जमिनी गेलेल्या कित्येक घरांनी साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले, म्हाताऱ्यांचे नातू झाले तरी प्रश्न मिटला नाही. ही खरी दुखणी आहेत. त्यांच्यासाठी मोर्चा काढा, ग्रामसभेत ठराव करा, कोर्टात जा, आमदाराला गावात बोलावून जाब विचारा; मी तुमच्या बाजूनं लिहीन. पण गेटावर उभं राहून भंगार मागणारा भाई बघा. त्याची किती जमीन गेली, विचारा एकदा. पुष्कळदा त्याचा त्या शिवारात सातबाराच नसतो. जमीन तुमची गेली, नाव तुमचं वापरलं, पोरगा तुमचा पुढं उभा केला आणि पैसा त्याच्या घरी. सरकारचा गुन्हा असा, की खऱ्या भूमिपुत्राचं काम वेळेवर केलं नाही आणि त्यामुळं खोट्याला हा झेंडा मिळाला.

माथाडीचंही तेच झालं. अण्णासाहेब पाटलांनी पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी जन्म घालवला, त्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. देशाला दाखवावा असा कायदा. आणि आज काही टोळ्या माथाडीच्या नावाची बनावट संघटना काढतात, पाठीवर कधी पोतं घेतलं नाही अशी माणसं हमालीची वसुली करतात. खऱ्या माथाडीनं यांच्याविरुद्ध सगळ्यात आधी ओरडायला हवं, आणि काहीजण ओरडतातही.

आता पोराबद्दल, ताई. हे नीट वाचा आणि त्यालाही वाचून दाखवा.

महाराष्ट्रानं १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायदा केला. त्याला लोक मोक्का म्हणतात. मुंबईतल्या टोळ्यांसाठी केलेला हा कायदा पुढं दिल्लीनंही उचलला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही संघटित गुन्हेगारीचं स्वतंत्र कलम आलं. मोक्क्याची रचना अशी आहे, की टोळीवर गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं हवीत. पोरांना वाटतं, ‘माझ्यावर तर एकच केस, मला काय होतंय?’ इथंच फसगत आहे. कोल्हापूरच्या एका मटक्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट केलं, की ती आरोपपत्रं टोळीच्या नावावर मोजायची. प्रत्येक पोराच्या नावावर निराळी लागत नाहीत. म्हणजे भाईच्या जुन्या पापांचा हिशेब काल आलेल्या पोराच्याही माथी बसतो. एरवी आरोपपत्राला ६० किंवा ९० दिवसांची मुदत असते, मोक्क्यात ती १८० दिवसांपर्यंत वाढते. जामीन जवळजवळ मिळतच नाही. गुन्हा शाबित झाला तर कमीत कमी पाच वर्षं आणि पाच लाख दंड. भाईला वकील मिळतो. गेटावर उभं राहिलेल्या पोरासाठी आईलाच उरलेला एकर विकावा लागतो.

या कायद्याला लगामही आहे, असावाच. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तो लावता येत नाही आणि खटला भरायला अपर महासंचालक दर्जाची मंजुरी लागते. एवढ्या कडक कायद्याची कुऱ्हाड नको त्या मानेवर पडू नये म्हणून. तरीही कधी कधी पडते, आणि कोर्ट सोडवेपर्यंत त्या माणसाची उमेदीची वर्षं जातात. याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते फारसं कुणी सांगत नाही: टोळीला मदत करणाऱ्या किंवा मुद्दाम हातावर हात ठेवून बसणाऱ्या सरकारी नोकराला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते कलम वापरलं गेलं तर चाकणच काय, सगळ्या महाराष्ट्रात फरक दिसेल. आणि गल्लोगल्लीच्या फ्लेक्सवर भाईच्या वाढदिवसाला पुढाऱ्याचा हसरा फोटो असतो, तोवर ठाण्यातल्या हवालदारानं कुणाच्या जोरावर हात उचलायचा, हेही सरकारनं सांगावं.

वाढदिवसावरून आठवलं. हल्ली केक कोयत्यानं कापतात. ऊसतोडीचं हत्यार, ज्यावर हजारो घरांची चूल पेटते, ते आता मोबाईलवर मिरवायचं झालं. पुण्यात तर कोयता घेणाऱ्याचं ओळखपत्र दुकानदारानं बघावं, असं पोलिसांना सांगावं लागलं. ज्यांच्या हातात तो असतो, ती पोरं सोळा-सतरा वर्षांची. जमिनीचा पैसा घरात आला, बाप नवी गाडी घेऊन गावभर फिरला, आईला पोराच्या शाळेत कुणी बोलावलं नाही. आणि भाईनं मात्र रोज विचारपूस केली. मी कुणा आईबापाला दूषण देत नाही. पण पोराला चारचौघांत मान हवा असतो. तो घरातून मिळाला नाही तर तो दुसरीकडं शोधतो, एवढं दिसतं.

चाकणचा संग्रामदुर्ग तुम्ही पाहिला असेल. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या अफाट फौजेसमोर तो पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. तोफांना तो दाद देत नव्हता. शेवटी खानानं जमिनीखालून भुयार खणून सुरुंग लावला, तेव्हा बुरूज उडाला. आपल्या घराखालचं भुयार कुठलं? तर भाऊबंदकी.

ताईंच्या दिरानं बांधावर माणसं आणली, ही गोष्ट मला गेटावरच्या खंडणीपेक्षा जास्त भिववते. जमिनीला भाव आला, की सख्खे भाऊ वाटणीवरून भांडतात. ते पूर्वीही भांडत होते. पण आता एकजण कोर्टाला कंटाळून भाईकडं जातो, ‘ताबा मिळवून द्या’ म्हणतो. भाई ताबा मिळवून देतो आणि मग स्वतःच तिथं बसतो. दोन्ही भाऊ बाहेर. हा ताबा मारण्याचा धंदा आपल्या घरातल्या भांडणावर पोसलाय. तेव्हा वाटणी रखडवू नका. सगळे राजी असाल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडं वाटपाचा अर्ज करा. राजी नसाल तर दिवाणी कोर्ट. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडत असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, तिथं वकील फुकट मिळतो, हा १९८७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. फेरफाराची नोटीस आली तर ती चुलीमागं टाकू नका. हरकत घ्यायची मुदत असते.

खोल्यांबद्दलही एक सांगायचं. दहा खोल्या भाड्यानं दिल्यात, छान केलंत. प्रत्येक भाडेकरूचं नाव, मूळ गाव, फोटो आणि कामाचं ठिकाण पोलीस ठाण्यात कळवा. परगावचा म्हणजे चोर असा अर्थ अजिबात नाही. तो बिचारा आपल्यापेक्षा जास्त भितो. पण शेड किंवा गोठ्याची जागा कुणी दुप्पट भाड्यानं मागायला लागला, आत येऊ नका म्हणाला, रात्रीच काम करतो आणि औषधासारखा उग्र वास येतो, तर तिथं नक्की काय शिजतंय हे बघायला पोलिसांना सांगा. जागा तुमच्या नावावर आहे. उद्या पंचनामा तुमच्या दारात होईल.

राहिलं सांगायचं कुणाला, ते. गावात पोलीस पाटील आहे. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं गावातल्या गुन्ह्याची खबर वर पोचवणं हे त्याचं कामच आहे. नुसता पंधरा ऑगस्टला फेटा बांधायला त्याला नेमलेलं नाही. अंगावर प्रसंग आला तर ११२ क्रमांक फिरवायचा. आणि फिर्याद द्यायची असेल तर जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनं हे पक्कं केलंय, की गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर त्या ठाण्यानं तो लिहून घ्यायचा आणि ज्याची हद्द त्याच्याकडं पाठवायचा. आपल्या जागल्याची जुनी रीतच ही. माग शेजारच्या गावाच्या हवाली करायचं काम आता ठाण्याचं, तुमचं नव्हे. बाहेर पडायची भीती असेल तर मोबाईलवरूनही फिर्याद पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. धमकी देऊन पैसे उकळणं हा खंडणीचा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मग मागणारा गावातला असो, नात्यातला असो. मोक्क्याच्या खटल्यात साक्षीदाराचं नाव-गाव गुप्त ठेवायची सोय कोर्टाकडं आहे. ती मागून घ्यावी लागते.

ठाण्यानं लिहून घ्यायला नकार दिला तर वाद घालत बसू नका. घरी या, पोराच्या वहीतला कागद घ्या, काय झालं ते तारीखवार लिहा: कोण आलं, गाडीचा नंबर काय, काय म्हणाले, बांध कुठला, गट नंबर कोणता. खाली सही किंवा अंगठा. ग्रामीण भागात असाल तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना आणि चाकणसारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर पोलीस उपायुक्तांना तो स्पीड पोस्टानं पाठवा. त्यांनीही काही केलं नाही तर तोच कागद प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यापुढं ठेवता येतो. तेव्हा पहिला सवाल हाच येतो, की तुम्ही वर कळवलं होतं का. म्हणून टपालाची पावती आणि पोचपावती सातबाऱ्याच्या पिशवीत, सातबाऱ्याच्याच घडीत ठेवा.